जावक उठत नाही

रविवारी सकाळी सव्वासहाला बाबांनी मला हलवून उठवलं आणि म्हणाले, "जावक उठत नाहीये."

मी म्हणालो, "मीही नाही," आणि कूस बदलली. पण बाबांनी पांघरूण ओढलं. त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. चौतीस वर्षं जो माणूस रुमालालासुद्धा इस्त्री करून कामावर गेला, तो दोन वेगवेगळ्या चपला घालून उभा आहे म्हटल्यावर प्रकरण गंभीर आहे हे माझ्यासारख्या माणसालाही कळलं.

जावक ही आमची कोंबडी. आमच्याकडे सहा कोंबड्या आहेत: हेडक्लार्क, अकाउंटंट, टायपिस्ट, आवक, जावक आणि शिपाई. नावं बाबांची. कोंबडा नाही. "साहेब असला की कामं होत नाहीत," असं बाबांचं मत. ते ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तिथे नेमकं काय काम चालायचं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते फार चालायचं. निवृत्तीनंतर बाबा पाच महिने बंद टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसले. दिवसाला साधारण अकरा शब्द बोलायचे आणि त्यातले चार "मीठ जरा कमी आहे" हे असायचे. मग कोंबड्या आल्या. आता बाबा सकाळी हजेरी घेतात, दुपारी पाहणी करतात आणि रात्री जेवताना टायपिस्ट आणि अकाउंटंटचं कसं पटत नाही हे सविस्तर सांगतात. आई म्हणते, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही हे एवढं बोलले नव्हते.

तर जावक खुराड्यात आडवी पडली होती. दोन्ही पाय मागे सरळ ताणलेले. मान मात्र ताठ, डोळे टक्क उघडे, आणि चेहऱ्यावर असा भाव की माझ्या पायांनी परस्पर काय निर्णय घेतलाय याची मला कल्पना नाही. दाणे पुढे ठेवले तर खात होती. फक्त उभी राहत नव्हती.

"संप असेल," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच पाणी आणायला गेलो.

सोमवारी आवक पडली. तशीच. आवक आणि जावक दोन्ही बंद म्हटल्यावर कुठलंही कार्यालय ठप्प होतं. बाबांनी त्या दोघींना पुठ्ठ्याच्या खोक्यांत जुने टॉवेल घालून व्हरांड्यात आणलं आणि बातमी गल्लीत गेली.

आमच्या गल्लीत एखादं माणूस आजारी पडलं तर लोक फोनवर चौकशी करतात. कोंबडी आजारी पडली तर मात्र स्वतः येतात. कारण साधं आहे. माणूस उपचारांना नाही म्हणू शकतो.

पहिल्यांदा पलीकडच्या घरातल्या वहिनी आल्या. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत आणि कुणी नुसतं खुर्चीतून उठलं तरी त्यांना त्यात काहीतरी दोष दिसतो. त्यांनी जावकला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "कंबर."

"कोंबडीला कंबर असते?" आईने विचारलं.

"काकू, कंबर सगळ्यांना असते. काळजी कुणी घेत नाही."

त्यांनी दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा पाय वाकवायचा व्यायाम लावून दिला. तो करायचं काम माझ्यावर आलं. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत ग्राहकांचे फोन घेतो, कधी ऑफिसातून, कधी घरून; लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना "माणूस निघालाय" असं सांगणं हे माझं काम. तेव्हा एका हातात कोंबडीचा पाय, दुसऱ्या हातात फोन, आणि मी म्हणतोय, "मॅडम, घाबरू नका, श्वास घ्या... सोडा... आता दुसरा पाय." त्या बाईंनी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली आहे. त्यात "दुसरा पाय" या शब्दांखाली दोनदा रेघ मारलेली आहे.

मग ड्रायव्हिंग स्कूलवाले काका आले. काकांनी आवकला जमिनीवर ठेवलं, मागून बारकाईने पाहिलं, एकदा हलकेच पुढे ढकललं आणि म्हणाले, "डावीकडे ओढतेय."

"म्हणजे काय, काका?"

"म्हणजे काय ते खोललं की कळेल. पण आपण खोलायचं नाही. आधी ऑइल." आणि ते घरून एरंडेल तेलाची बाटली घेऊन आले. "आणि फक्त आजारी गाड्यांना देऊन चालत नाही. सगळ्या फ्लीटला द्यायचं."

ते सगळ्या फ्लीटला दिलं. त्याचे परिणाम मी सांगणार नाही. व्हरांडा आणि अंगण मिळून तीनदा धुतलं, एवढंच नोंदवतो.

समोरच्या मावशींचा लसणावर विश्वास आहे. सर्दी, गुडघे, सून, सगळ्यावर त्या लसूणच सांगतात. त्यांनी मूठभर लसूण ठेचून पिण्याच्या पाण्यात कालवला. कोंबड्यांनी ते पाणी प्यायचं सोडलं. मावशी म्हणाल्या, "बघ, तहान कमी झाली! गुण आला!"

मंगळवारी सकाळी हेडक्लार्क, अकाउंटंट आणि टायपिस्ट पिसं फुलवून, मान खांद्यात घालून कोपऱ्यात बसल्या. दुपारी शिपाईही आडवी झाली. हजेरीपत्रकात बाबांनी सहाच्या सहा नावांपुढे "वैद्यकीय" असं लिहिलं. लिहिताना त्यांचं पेन जरा थांबलं होतं.

सोमवारची अख्खी रात्र मी मोबाइलवर कोंबड्यांचे आजार वाचत होतो. तो एक वेगळाच वाचनानुभव आहे. सुरुवातीला रोगाचं मोठं रुबाबदार नाव, मग लक्षणं, आणि शेवटचं वाक्य प्रत्येक ठिकाणी एकच: उपचार नाही. मला वाचता वाचता त्यांतल्या चार रोगांची लक्षणं स्वतःत दिसायला लागली. माझाही डावा पाय मुंग्यांनी बधिर झाला होता. नंतर लक्षात आलं की त्यावर आवकचं खोकं होतं.

मंगळवारी संध्याकाळी पालिकेचे आरोग्य निरीक्षक आले. पंचविशीचा पोरगा, तोंडाला दोन मास्क, हातात मोजे, काखेत फाइल. फाटकाच्या आत यायला तयार नव्हता. सगळी चौकशी रस्त्यावरून ओरडून.

"पक्षी किती?"

"सहा कर्मचारी," बाबा म्हणाले.

"आजारी किती?"

"सहा."

"कारण?"

"तेच शोधतोय."

त्याने फॉर्म वर करून वाचून दाखवला. कारण कळलं नाही तर आजार संसर्गजन्य धरला जातो. शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत डॉक्टरच्या सहीचं लेखी कारण हवं. नसेल तर गाडी येईल.

"कसली गाडी?" आईने विचारलं.

"न्यायला."

"दवाखान्यात?"

निरीक्षकाने फॉर्मची घडी घातली, आणि ती त्याने गरजेपेक्षा एकदा जास्त घातली.

"पण तुम्हाला कळवलं कुणी?" मी विचारलं.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून मावशींचा उत्साही आवाज आला, "मी कळवलं रे! म्हटलं, सरकारी माणूस आला की पटकन होईल!"

त्या रात्री जेवताना ताट सरकवून बाबा म्हणाले, "मीठ जरा कमी आहे." आईने माझ्याकडे पाहिलं. मीठ बरोबर होतं. मी बुधवारची रजा टाकली.

बुधवारी सकाळी मी जावकला भोकं पाडलेल्या खोक्यात घालून, खोकं मोटारसायकलच्या टाकीवर बांधून पशुरोग प्रयोगशाळेत गेलो. तिथे एकच खिडकी. आतले गृहस्थ सफरचंद कापत होते. सुरी प्रयोगशाळेची होती की घरची, हे मी विचारलं नाही.

"मेली आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आजारी आहे."

"आम्ही आजारी घेत नाही. मेल्यावर चोवीस तासांच्या आत आणा."

"पण मेल्यावर निदान होऊन उपयोग काय?"

"निदान एकदम अचूक होतं." त्यांनी सफरचंदाची फोड तोंडात टाकली. "जिवंत पक्ष्याचं काय असतं, अंदाज असतो. मेलेला कसा, पक्का असतो."

मी खोक्याचं झाकण जरा उघडलं. त्यांनी आत पाहिलं. जावकने त्यांच्याकडे पाहिलं आणि सफरचंदाकडे पाहिलं. "ही तर खायला मागतेय," ते नाराजीने म्हणाले, आणि एक फोड तिला दिली. "हिला घेऊन तुम्ही जिवंतांच्या दवाखान्यात जा."

जिवंतांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे रांगेत माझ्यापुढे एक कुत्रा होता आणि मागे दोन मांजरं. मांजरांना खोक्यात काय आहे ते वासावरून कळलं आणि रांगेतलं वातावरण बदललं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. प्राण्याचा प्रकार: कुत्रा किंवा मांजर. पुढचे उजवे पाऊल, पुढचे डावे पाऊल, मागचे उजवे, मागचे डावे. मी मागच्या दोन रकान्यांत "बंद" लिहिलं आणि पुढच्या दोनांत "नाहीत".

"पुढचे पाय नाहीत?" बाई दचकल्या. "अपघात?"

"जन्मापासून."

"अरेरे." त्या खरोखर चुकचुकल्या. मग खोक्यात डोकावल्या आणि फॉर्म परत घेतला. "पक्ष्यांचा रकाना नाहीये आमच्याकडे."

"मग पक्षी कुठे दाखवायचे?"

"प्रयोगशाळेत."

"ते म्हणतात, मेल्यावर आणा."

"हां," त्या समजूतदारपणे म्हणाल्या, "मग थोडं थांबा."

इथे मी आवाज चढवला. मी सहसा चढवत नाही. मी विचारलं की या देशात कोंबडीला उपचार हवे असतील तर तिने आधी मरावं किंवा चार पायांवर चालावं असा नियम आहे का, असेल तर मला लेखी द्या. मागच्या दोन्ही मांजरांनी माझ्या बाजूने आवाज दिला, जरी हेतू वेगळा असावा. आतल्या खोलीतून एक डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. साठीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी खोक्यात हात घालून जावकच्या छातीचं हाड बोटाने चाचपलं आणि भुवई वर केली.

"घरी किती आहेत?"

"सहा. सगळ्या आडव्या."

"उद्या घरी येते. घरी फॉर्म लागत नाही."

गुरुवारी मी दहा वाजल्यापासून त्यांना फोन करत होतो. प्रत्येक वेळी पलीकडून एक शांत, गोड आवाज सांगायचा, "डॉक्टर निघाल्यात." हे वाक्य मी आयुष्यात कमीत कमी वीस हजार वेळा उच्चारलं आहे. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

त्या चार वाजता आल्या. व्हरांड्यात बसकण मारली आणि एकेका कोंबडीला मांडीवर घेऊन तपासलं. बाबा हात मागे बांधून उभे होते, वरिष्ठ तपासणीला आल्यासारखे.

"या तिघींना काहीही झालेलं नाही," त्या हेडक्लार्क, अकाउंटंट आणि टायपिस्टकडे बोट दाखवत म्हणाल्या. "यांना काय काय पाजलंय?"

"एरंडेल. लसूण."

"मग यांना एरंडेल आणि लसूण झालाय. बंद करा." त्यांनी शिपाईला उचललं, जमिनीवर ठेवलं आणि जोरात टाळी वाजवली. शिपाई दोन्ही पायांवर ताडकन उठली आणि तुरूतुरू पळाली. "हिला तर तेवढंही नाही. बाकीच्यांना बसल्या जागी दाणे मिळतायत म्हटल्यावर हीही बसली."

बाबांनी खिशातून हजेरीपत्रक काढलं आणि शिपाईच्या नावापुढचं "वैद्यकीय" खोडलं.

मग डॉक्टरीणबाईंनी आवक आणि जावकला घेतलं. "या मात्र खऱ्या आजारी आहेत. अंडी कशी घालतात?"

बाबांचा चेहरा उजळला. "रोज! एकही खाडा नाही. मी पहाटे चार ते रात्री दहा ट्यूबलाइट लावतो. उजेड असला की अंडं मिळतंच. गेल्या महिन्यात या दोघी पहिल्या आल्या."

"टरफलं कशी आहेत?"

"अहो, काय नाजूक!" आई म्हणाली. "ऑम्लेट करायला घ्यावं तर बोट लावलं की फुटतं. एक तर टरफलाशिवायच आलं. नुसती पिशवी."

"आम्हाला वाटलं, सुधारणा आहे," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "टरफल चुन्याचं असतं. पोटात चुना जात नसेल तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढते. या दोघी रोज थोडं थोडं हाड झिजवून तुम्हाला अंडी देत होत्या, वर अठरा तासांची ड्यूटी. मग एक दिवस पाय म्हणाले, पुरे. संसर्ग वगैरे काही नाही. जुनी टरफलं कुटून घालत नाही तुम्ही यांना?"

"ती मी गुलाबांना घालते," आई हळूच म्हणाली. आमच्या कुंपणावर गुलाब तट्ट फुलले होते. एकेक फूल ताटाएवढं. आणि गुलाब उकरू नयेत म्हणून कोंबड्या चोवीस तास जाळीत.

"बरं, मग शिंपल्यांचा चुरा? खाद्यवाला पोत्यासोबत देतो."

"कसला चुरा?" बाबांनी विचारलं.

मी आकाशाकडे पाहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आतापर्यंत सांगितली नाही, कारण कुणी विचारली नव्हती. खाद्याची पोती आणायचं काम माझं. पोत्यासोबत दुकानदार पांढऱ्या खड्यांची एक जड पिशवी देतो. मला वाटायचं, वजन भरायला देतो. आमच्या फाटकात चिखल होतो आणि त्यात माझी मोटारसायकल घसरते. म्हणून गेले सहा महिने मी त्या पिशव्या फाटकात ओतत होतो. फाटकातली जागा आता समुद्रकिनाऱ्यासारखी दिसते. येणारेजाणारे कौतुक करतात.

डॉक्टरीणबाईंनी आवक-जावकला इंजेक्शन दिलं, पातळ औषधाची बाटली दिली, आणि कागदावर कारण लिहून सही केली. जाताना फाटकात वाकून चार खडे उचलले, बोटांत चोळले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गाडीत बसल्या. मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. किंवा तोपर्यंत तरी होतो जोपर्यंत मी मागे वळून बाबांकडे पाहिलं नव्हतं.

बाबा स्टुलावर चढून ट्यूबलाइट काढत होते. काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि ती मांडीवर आडवी धरून खुराड्यासमोर बसले. "मी त्यांना राबवलं," ते म्हणाले. "हाडं झिजेपर्यंत. आणि पाठ थोपटत होतो." त्यानंतर ते रात्रीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीठही बरोबर असावं.

शुक्रवारी अकराला निरीक्षक आला. आज एकच मास्क होता. डॉक्टरांचा कागद वाचून त्याचा चेहरा सैल पडला. "संसर्ग नाही. मग गाडी नाही. फक्त इथे, 'जबाबदार व्यक्ती' लिहून सही करा. नोंद राहील आमच्याकडे."

बाबांनी पेन काढलं. चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक शेरा नव्हता. पेनाचं टोक कागदाला टेकलं, आणि मला वाटलं मीही आता पाय ताणून आडवा होणार.

"थांबा," मी म्हणालो. "ते मी आहे."

मी फाटकाची सगळी हकिकत सांगितली. निरीक्षकाने पायाखाली पाहिलं आणि दचकून एक पाय उचलला, जणू तो पुराव्यावर उभा होता. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"सहा महिने?"

"दर पोत्याला एक पिशवी."

"तरी मी म्हणत होतो, फाटक फार छान झालंय," बाबा म्हणाले.

"मग माझंही लिहा," आई मध्ये घुसली. "टरफलं मी पळवली. जाळी मी लावायला लावली. गुलाबांच्या वासावर जाऊ नका तुम्ही, त्यात हाडं आहेत."

"ट्यूबलाइट माझी होती," बाबा म्हणाले. "मुख्य जबाबदारी माझी."

"चुऱ्याशिवाय ट्यूबलाइट काय करणार, बाबा? मुख्य मी."

"अहो, एकच नाव मावतं," निरीक्षक कळवळून म्हणाला. "एकच ओळ आहे!"

"माझं पण लिहा रे!" समोरच्या खिडकीतून मावशी ओरडल्या. "लसूण माझा!"

"ऑइल माझं," रस्त्यावरून जाणाऱ्या शिकाऊ गाडीतून काकांचा हात बाहेर आला. गाडी चालवणाऱ्या मुलीने घाबरून ब्रेक दाबला.

आणि बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग निरीक्षकाच्या फाइलची कड धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चौतीस वर्षं," ते निरीक्षकाला म्हणाले, "चौतीस वर्षांत चूक झाली की खोलीत माझ्याशिवाय कुणी नसायचं. आणि इथे बघा. रांग लागलीये!"

निरीक्षकाने त्या ओळीत "घर" असं लिहिलं. सही आम्ही तिघांनी केली, एकमेकांवरून.

तो गेल्यावर बाबांनी जाळीचं दार सताड उघडलं. आईने गुलाबांकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. चार कोंबड्या थेट फाटकात गेल्या आणि माझा समुद्रकिनारा खाऊ लागल्या. हजेरीपत्रकात बाबांनी सहाजणींना पूर्ण पगारी रजा लिहिली. कधीपर्यंत, तो रकाना कोरा ठेवला.

सोमवारी सकाळी मी कामावर निघालो. मोटारसायकल सुरू केली आणि पाहिलं तर फाटक उघडं, बाबा ते एका हाताने धरून उभे, आणि बरोबर मधोमध जावक. उभी. दोन पायांवर. दारूच्या गुत्त्यातून निघाल्यासारखी झुलत होती, पण उभी होती. तिने एक पाय टाकला. थांबली. विचार केला. दुसरा टाकला. मागे खोक्यातून मान उंच करून आवक हे सगळं बघत होती.

"बाबा, मला उशीर होतोय."

"थांब."

"पंचेचाळीस मिनिटं उशीर झालाय. कुणीतरी लिफ्टमध्ये असेल. जरा उचलून बाजूला ठेवा ना तिला."

बाबांनी तिला हात लावला नाही. आवाज खाली आणून, तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "तुला कामावर जायचंय, ती रजेवर आहे. रजेवरच्या माणसाला घाई करायची नसते."

जावकने तिसरा पाय टाकला, म्हणजे पुन्हा पहिलाच. मी इंजिन बंद केलं.